तपकिरी समुद्रशैवालातील आरोग्यवर्धक घटकांचे निष्कर्षण : सरगॅसमच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

मराठीत 'शेवाळ' हा शब्द उच्चारला की विहिरीच्या पायऱ्यांवरचा हिरवा, निसरडा थर डोळ्यांसमोर येतो. समुद्रशैवालाविषयीची आपली उदासीनता काही अंशी या शब्दचित्रातूनच आली असावी. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर पावसाळा सरल्यानंतर ओहोटीच्या वेळी तपकिरी, पिवळसर, फांद्याफांद्यांचे जे घोस दिसतात, ते या कल्पनेत कुठेच बसत नाहीत. त्यांना खोडासारखा दांडा असतो, पानांसारखे अवयव असतात आणि द्राक्षांच्या लहान घडासारख्या हवेच्या पुटिकाही असतात. तरीही त्यांना मुळे नाहीत, फुले नाहीत, बी नाही. आधुनिक वर्गीकरणानुसार तर तपकिरी शैवाले वनस्पतिसृष्टीतही मोडत नाहीत. पोर्तुगीज भाषेतील 'सारगासू' या शब्दावरून या प्रजातीला 'सरगॅसम' हे नाव मिळाले. महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर सरगॅसम सिनेरियम आणि सरगॅसम टेनेरिमम या जाती आढळतात. मालवण परिसर तसेच गोव्यातील हणजूण येथील खडकांवर सरगॅसमचे दाट पट्टे दिसून येतात.

गेल्या काही दशकांत तपकिरी शैवालातील घटकांविषयी जगभर विपुल लेखन झाले आहे. रक्त गोठण्यास अटकाव करणारा, शरीरातील दाह कमी करणारा, मधुमेहावर गुणकारी, स्थूलता घटवणारा अशी अनेक विशेषणे त्याच्या अर्कास लावली जातात. यांपैकी काही विशेषणांना आधार आहे, तर काहींना तो अद्याप मिळालेला नाही. मात्र या चर्चेत एक मूलभूत प्रश्न बहुधा मागे पडतो. ज्यास आपण 'अर्क' म्हणतो, त्या बाटलीत नेमके काय असते? याचे उत्तर शैवालावर जितके अवलंबून आहे, तितकेच ते कोणत्या रीतीने हाताळले यावर अवलंबून आहे. प्रस्तुत लेखात निष्कर्षणाची ही रीत व तिच्यामागील रसायनशास्त्र उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तपकिरी शैवालातून मानवाने मिळवलेला पहिला महत्त्वाचा आरोग्यदायी पदार्थ आयोडीन होय, आणि तो योगायोगाने सापडला. इ. स. १८११ मध्ये फ्रान्समधील बर्नार कुर्त्वा हे सोरा तयार करण्याच्या व्यवसायात होते. त्यासाठी लागणारे क्षार ते समुद्रशैवालाच्या राखेतून मिळवीत. राखेवर गंधकाम्ल प्रमाणापेक्षा अधिक पडले असता जांभळ्या रंगाची वाफ उठली आणि थंड पृष्ठभागावर तिचे गडद स्फटिक जमले. पुढे १८२० मध्ये जिनिव्हा येथील वैद्य कुआँदे यांनी गलगंडावर आयोडीनचा उपचार प्रसिद्ध केला.

त्यानंतर १८८१ मध्ये ई. सी. सी. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने शैवाल जाळण्याऐवजी सोड्याच्या द्रावणात भिजवून त्यातून चिकट पदार्थ वेगळा काढला व त्यास 'अल्जिन' असे नाव दिले. स्वीडनच्या हाराल्ड क्युलिन यांनी १९१३ मध्ये फ्युकॉयडनचे वर्णन केले. त्याच सुमारास, १९१४ मध्ये, विलश्टेटर व पेज यांनी फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य वेगळे केले. म्हणजेच आज ज्यांना नवे शोध म्हणून सादर केले जाते, ते पदार्थ शंभर वर्षांहून जुने आहेत. नवी आहेत ती त्यांच्या मोजमापाची साधने आणि त्यांच्याकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा.

शैवालाच्या देहातील द्रव्ये

लाटांचा मारा सतत सोसणाऱ्या जिवास ताठरपणा परवडत नाही. तपकिरी शैवालाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे प्रमाण अल्प आणि लवचिक बहुशर्करांचे प्रमाण मोठे असते, याचे कारण हेच. यांतील प्रमुख बहुशर्करा म्हणजे अल्जिनेट. मॅन्युरॉनिक आम्ल व ग्युलुरॉनिक आम्ल या दोन घटकांची ती लांब साखळी असते. जातीनुसार व ऋतूनुसार कोरड्या वजनाच्या साधारणतः १५ ते ४० टक्के इतके अल्जिनेट मिळू शकते. ग्युलुरॉनिक आम्लाचे सलग तुकडे जेथे येतात तेथे दोन साखळ्यांच्या मध्ये कॅल्शिअमचे आयन अंड्यांच्या खोक्यातील अंड्यांप्रमाणे चपखल बसतात आणि घट्ट जेली तयार होते. हे वैशिष्ट्य वाचकाने लक्षात ठेवावे, कारण निष्कर्षणाची संपूर्ण युक्ती त्यावर बेतलेली आहे.

दुसरी बहुशर्करा फ्युकॉयडन होय. तिच्या साखळीत फ्युकोज ही शर्करा व तिला जोडलेले सल्फेट गट असतात. सरगॅसममधील फ्युकॉयडन मात्र निव्वळ फ्युकोजचे नसते. त्यात गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज व ग्लुक्युरॉनिक आम्ल हेही मिसळलेले असतात. सल्फेट गटांमुळे या रेणूवर ऋणभार येतो व त्याचे वर्तन काही प्रमाणात हेपॅरिन या रक्त न गोठू देणाऱ्या औषधाशी साम्य दाखवते. यांशिवाय लॅमिनारिन ही साठवणीची शर्करा, मॅनिटॉल, फ्लोरोग्लुसिनॉलच्या घटकांपासून बनलेली फ्लोरोटॅनिने आणि फ्युकोझँथिन हे रंगद्रव्य ही अन्य उल्लेखनीय द्रव्ये आहेत.

फ्युकोझँथिनविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. तपकिरी शैवाल उकळत्या पाण्यात टाकले की ते पाहता पाहता हिरवे होते. जिवंत शैवालात फ्युकोझँथिन प्रथिनाशी बांधलेले असते व त्या अवस्थेत ते हिरवा प्रकाशही शोषते, म्हणून डोळ्यांना तपकिरी छटा दिसते. उष्णतेने प्रथिनाची घडी विस्कटते, रंगद्रव्याचे शोषण निळ्या भागाकडे सरकते आणि आतापर्यंत झाकला गेलेला हरितद्रव्याचा रंग उघडा पडतो. प्रयोगशाळेत उष्णता वापरण्यापूर्वी रंगद्रव्य का काढून घ्यावे लागते, याची ही स्वयंपाकघरातील साक्ष म्हणता येईल.

निष्कर्षणाचा क्रम

निष्कर्षण प्रयोगशाळेत सुरू होते असे समजणे बरोबर नाही. ते किनाऱ्यावरच सुरू होते. गोळा केलेले शैवाल प्रथम समुद्राच्याच पाण्यात खळबळून वाळू, शिंपले व त्यावर वाढलेली इतर सूक्ष्म शैवाले काढून टाकावी लागतात. त्यानंतर गोड्या पाण्याने ते झटपट धुवावे. येथे 'झटपट' या शब्दास महत्त्व आहे. गोड्या पाण्यात शैवाल तासन्‌तास ठेवल्यास मॅनिटॉल, लॅमिनारिन आणि फ्युकॉयडनचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. वाळवणही सावलीत, ४० अंश सेल्सिअसच्या आत होणे इष्ट. भर उन्हात वाळवलेल्या नमुन्यात फ्युकोझँथिन शोधण्यात अर्थ नसतो, कारण प्रकाश, उष्णता आणि प्राणवायू हे तिन्ही त्याचे वैरी आहेत. अल्जिनेटच हवे असल्यास मात्र उन्हाने फारसे बिघडत नाही, आणि म्हणूनच उद्योगासाठी गोळा केले जाणारे शैवाल वाळूवर पसरलेले दिसते. कोणता घटक हवा आहे हे ठरवल्याशिवाय वाळवणीची योग्य रीत सांगता येत नाही.

वाळलेल्या शैवालाची पूड करून तीवर क्रमाक्रमाने निरनिराळे द्रावक वापरले जातात. क्रमामागचे तत्त्व साधे आहे. जे सहज नष्ट होते आणि जे इतरांत मिसळून त्यांना दूषित करते, ते आधी बाहेर काढावे.

पहिल्या टप्प्यात पूड अंधाऱ्या जागी, सामान्य तापमानास तीव्र इथेनॉलमध्ये ढवळत ठेवतात. फ्युकोझँथिन, हरितद्रव्य व मेदद्रव्ये अल्कोहोलमध्ये उतरतात. अल्कोहोल कमी दाबाखाली उडवून दिल्यावर उरणाऱ्या गडद राळेसारख्या पदार्थातून स्तंभ-वर्णलेखनाने फ्युकोझँथिन वेगळे करता येते. एक ग्रॅम कोरड्या शैवालामागे ते मिलिग्रॅमच्या काही अंशापासून काही मिलिग्रॅमपर्यंतच मिळते. दुसऱ्या टप्प्यात पाणी मिसळलेले अल्कोहोल किंवा ७० टक्के ॲसिटोन वापरून फ्लोरोटॅनिने काढतात. हा टप्पा अनेकदा वगळला जातो. त्याचे परिणाम काय होतात, ते पुढे येईल.

तिसरा टप्पा फ्युकॉयडनचा. रंगद्रव्य व फिनॉलयुक्त द्रव्ये निघून गेलेली पूड सुमारे २ टक्के कॅल्शिअम क्लोराइडच्या द्रावणात ८५ अंशांच्या आसपास काही तास तापवतात. येथे वर सांगितलेले कॅल्शिअमचे वैशिष्ट्य कामास येते. फ्युकॉयडन आणि अल्जिनेट या दोन्ही ऋणभारित बहुशर्करा आहेत व साध्या गरम पाण्यात त्या एकमेकींसह बाहेर पडू शकतात. कॅल्शिअम असले की अल्जिनेट जेलीच्या रूपात जागीच अडकून राहते, फ्युकॉयडन मात्र विरघळते. द्रव मलमलीतून गाळून घ्यावा, यंत्राने फिरवून निवळ करावा व त्यात हळूहळू अल्कोहोल मिसळावे. अल्कोहोलचे प्रमाण २० ते ३० टक्के झाले की चुकूनमाकून आलेले अल्जिनेट खाली बसते. ते टाकून द्यावे. प्रमाण ६० ते ७० टक्क्यांवर नेल्यास फ्युकॉयडनचा पांढुरका, धाग्यांसारखा साका दिसू लागतो. हा साका पुन्हा पाण्यात विरघळवून अपोहन पटलाच्या पिशवीत भरतात आणि पाणी वारंवार बदलत ठेवतात. मीठ, मॅनिटॉल व इतर लहान रेणू पटलातून बाहेर जातात, मोठे रेणू आत राहतात. शेवटी गोठण-शुष्कनाने भुकटी तयार होते.

कॅल्शिअम क्लोराइडऐवजी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्याची पद्धतही रूढ आहे. तीत उतारा बरा मिळतो, परंतु फ्युकोजचे दुवे आम्लापुढे नाजूक ठरतात. तापमान व वेळ वाढवत नेल्यास साखळ्या तुटतात आणि सल्फेट गट गळून पडतात. फ्युकॉयडनचे गुण बव्हंशी त्याच्या रेणुभारावर व सल्फेटच्या प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे, अधिक उताऱ्याच्या मोहात ज्यासाठी श्रम केले तेच हातचे जाण्याची शक्यता असते. एकाच किनाऱ्यावरील एकाच जातीच्या फ्युकॉयडनविषयी दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळत नाहीत, याचे एक कारण या तपशिलांत दडलेले आहे.

उरलेल्या चोथ्यात अल्जिनेट असतेच. चोथ्यावर प्रथम सौम्य आम्लाची क्रिया करून कॅल्शिअम अल्जिनेटचे अल्जिनिक आम्लात रूपांतर करतात. नंतर सोडिअम कार्बोनेटच्या कोमट द्रावणात ते सोडिअम अल्जिनेट होऊन विरघळते. द्रावण मधासारखे दाट होते व गाळणे जिकिरीचे होऊन बसते, त्यामुळे भरपूर पाणी घालून ते पातळ करावे लागते. अल्कोहोल, आम्ल अथवा कॅल्शिअम क्लोराइड यांपैकी कशानेही ते पुन्हा साकळता येते. एकाच पुडीतून चार घटक क्रमाने काढण्याच्या या पद्धतीस हल्ली 'जैवशुद्धीकरण' असे भारदस्त नाव मिळाले आहे. उसापासून साखर, मळी व चिपाड यांचा हिशेब मांडणाऱ्या महाराष्ट्रास ही कल्पना अपरिचित वाटू नये.

नव्या तंत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर, श्राव्यातीत ध्वनी व सूक्ष्मतरंग यांमुळे वेळ वाचतो. विकरांमुळे पेशीभित्तिका सौम्य परिस्थितीत सैल करता येते. कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंश सेल्सिअस व ७३.८ बार दाबापलीकडे नेल्यास तो वायू व द्रव यांच्या मधल्या अवस्थेत जातो आणि त्या अवस्थेत उत्तम द्रावक ठरतो. फ्युकोझँथिन काहीसे ध्रुवीय असल्याने त्यासाठी सोबत थोडे इथेनॉल द्यावे लागते. या यंत्रणांची किंमत पाहता महाविद्यालयीन प्रयोगशाळेस वर वर्णिलेला जुना मार्गच व्यवहार्य आहे. त्यातील खर्चाची बाब अल्कोहोलची आहे, आणि ते ऊर्ध्वपातनाने पुन्हा वापरता येते.

मोजमाप आणि दावे

हाती आलेली भुकटी फ्युकॉयडनच आहे हे कशावरून? एकूण शर्करा फिनॉल–गंधकाम्ल पद्धतीने, फ्युकोज सिस्टीन–गंधकाम्ल पद्धतीने व सल्फेट बेरिअम क्लोराइड–जिलेटिन पद्धतीने मोजण्याचा प्रघात आहे. अवरक्त वर्णपटात १२४० प्रति सेंटिमीटरच्या जवळपास सल्फेटची खूण उमटते. यांबरोबरच युरॉनिक आम्ल, प्रथिने व फिनॉलयुक्त द्रव्ये यांचे मोजमाप होणे अगत्याचे आहे, आणि नेमके तेच पुष्कळदा होत नाही.

समजा, फ्लोरोटॅनिने काढण्याचा टप्पा वगळला. ही द्रव्ये बहुशर्करांना चिकटून साक्याबरोबर खाली बसतात. आता या भुकटीची प्रतिऑक्सिडीकारक क्षमता जांभळ्या डीपीपीएच द्रावणावर तपासली, तर रंग झपाट्याने फिका पडतो आणि 'फ्युकॉयडन हे प्रभावी प्रतिऑक्सिडीकारक आहे' असा निष्कर्ष लिहिला जातो. प्रत्यक्षात ते काम बव्हंशी अशुद्धी म्हणून राहिलेल्या फ्लोरोटॅनिनांनी केलेले असू शकते. शुद्धतेची वाट धरावी तसतसा हा गुण उतरत जात असल्यास तो मुळात कोणाचा होता, हे सांगण्यास निराळ्या पुराव्याची गरज उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, फिनॉलयुक्त द्रव्यांचे प्रमाण न देता केलेला असा कोणताही दावा संशोधनपत्रिकांनी स्वीकारू नये.

परीक्षानळीतील गुण आणि रुग्णाच्या देहातील गुण यांत आणखी मोठे अंतर आहे. फ्लोरोटॅनिने स्टार्चचे पचन करणाऱ्या विकरांना परीक्षानळीत रोखतात, परंतु मधुमेही व्यक्तीच्या आतड्यात तेवढे प्रमाण पोहोचते काय, हा प्रश्न वेगळा आहे. जपानमधील होक्काइडो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत फ्युकोझँथिनमुळे पांढऱ्या मेदपेशींत उष्णता निर्माण करणारे प्रथिन वाढत असल्याचे दाखवले. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, पण त्या बळावर माणसासाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचे समर्थन होत नाही. फ्युकॉयडनचा रेणू इतका मोठा असतो की तोंडाने घेतल्यास त्याचे शोषण अल्पच होते. तरीही रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाने वैद्यकीय सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

चीनमध्ये तपकिरी शैवालाच्या अल्जिनेटपासून बनवलेल्या सोडिअम ऑलिगोमॅनेट या औषधास नोव्हेंबर २०१९ मध्ये अल्झायमरच्या विकारासाठी सशर्त मान्यता देण्यात आली होती. त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावर थांबवण्यात आली. स्मृती हरवत चाललेल्या माणसाच्या कुटुंबीयांनी अशा बातमीकडे कोणत्या आशेने पाहिले असेल, याची कल्पना करता येते. याउलट ज्या उपयोगांविषयी शंका उरलेली नाही, ते दिसायला अगदी साधे आहेत. जठरातील आम्ल अन्ननलिकेत उसळू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधात अल्जिनेट जठररसावर तरंगणारा जेलीचा थर निर्माण करते. पाझरणाऱ्या जखमेवरील पट्टीत कॅल्शिअम अल्जिनेटचे तंतू स्राव शोषून ओलसर जेली बनतात. दंतवैद्य जबड्याचा साचा घेतात तोही अल्जिनेटचाच. या तिन्ही ठिकाणी काम रेणूच्या जेली होण्याच्या गुणाने साधते. कोणत्याही गूढ जैविक क्रियेचा आधार घ्यावा लागत नाही.

आयोडीन, आर्सेनिक व जड धातू

जे शैवाल समुद्रातून आयोडीन साठवते, ते इतर मूलद्रव्येही साठवते. प्रौढ व्यक्तीस दिवसाकाठी १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरेसे असते. जपानी कोम्बूसारख्या शैवालाच्या एका ग्रॅममध्येही हजार मायक्रोग्रॅमहून अधिक आयोडीन असू शकते. आपल्याकडे आयोडीनयुक्त मीठ घरोघर असताना थायरॉइडच्या रुग्णाने 'नैसर्गिक' म्हणून शैवालाची पूड खाणे हितावह नाही.

आर्सेनिकबाबत सरगॅसमकडे विशेष लक्ष द्यावे लागते. बहुतेक समुद्रशैवालांतील आर्सेनिक शर्करांशी जोडलेल्या, तुलनेने कमी घातक रूपात असते. परंतु जपानमध्ये 'हिजिकी' नावाने खाल्ल्या जाणाऱ्या सरगॅसमच्या जातीत घातक असेंद्रिय आर्सेनिकचे प्रमाण मोठे आढळल्याने ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने २००४ मध्ये ती न खाण्याचा सल्ला दिला. आपल्या किनाऱ्यावरील जातींची आकडेवारी प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे काढली पाहिजे, हिजिकीवरून अनुमान करणे योग्य नव्हे. आर्सेनिकचे हे लहान रेणू पाण्यात विरघळतात व फ्युकॉयडनच्या द्रावणात येतात. अपोहनात ते बाहेर पडतात. म्हणूनच अपोहनाचे दोन दिवस वाचवून थेट वाळवलेला स्वस्त अर्क वेगळ्या नजरेने पाहावा लागतो. शिसे, कॅडमिअम यांसारख्या धातूंचे धनभारित आयन तर अल्जिनेट व फ्युकॉयडन यांना बांधले जातात, ते धुऊन सहज निघत नाहीत. बंदरे, खाड्या व कारखान्यांच्या सांडपाण्याजवळचे शैवाल औषधी कामासाठी वर्ज्य मानावे.

कोकण किनाऱ्याचा विचार

तामिळनाडूत मन्नारच्या आखातातून सरगॅसम व टर्बिनेरिया ही शैवाले अल्जिनेटच्या उद्योगासाठी अनेक दशके गोळा केली जात आहेत. भावनगरची केंद्रीय लवण व समुद्री रसायने संशोधन संस्था तसेच कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था यांनी शैवालावर दीर्घकाळ काम केले आहे. २०२० मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशैवालासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद दर्शवण्यात आली. त्यामुळे कोकणातही शैवाल-उद्योगाची चर्चा होते. तथापि, भारतात ज्याची लागवड प्रामुख्याने होते ते कॅपाफायकस हे लाल शैवाल आहे. सरगॅसम मुख्यतः निसर्गातूनच काढले जाते, आणि हा फरक निर्णायक आहे.

हिशेब करून पाहावा. ताज्या शैवालात आठ-नऊ दशांश पाणी असते. १०० किलो ओल्या सरगॅसमपासून सुमारे १२ किलो कोरडी पूड मिळाली आणि तीत फ्युकॉयडनचा उतारा ४ टक्के धरला, तर हाती अर्धा किलोही येत नाही. केवळ एका महाग घटकासाठी उद्योग उभारल्यास खडकांवर किती ताण पडेल, हे यावरून समजते. सरगॅसमचे पट्टे लहान माशांना व खेकड्यांना आसरा देतात; रापण ओढणाऱ्यांचे उद्याचे मासे तेथे वाढत असतात. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून त्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीविना शैवाल काढता येत नाही. हद्दीबाहेर मात्र असा पहारा नाही.

सरगॅसमचा खडकाला धरून राहणारा तळ शाबूत राहिल्यास त्यापासून पुढील हंगामात नवे फुटवे येतात. खेचून उपटल्यास तो तळही निघून येतो. म्हणून शैवाल कोयत्याने, तळापासून वीतभर वर कापावे. एकाच खडकावरील सर्व झुपके एका वेळी कापू नयेत आणि प्रजननकाय धरलेल्या फांद्यांपैकी पुरेशा फांद्या मागे ठेवाव्यात. वादळी लाटांनी तुटून किनाऱ्यावर आलेले ताजे शैवाल गोळा करणे सर्वांत निरुपद्रवी. पण ते त्याच दिवशी धुऊन सावलीत पसरले पाहिजे, कारण वाळूत कुजू लागलेल्या ढिगातून खताखेरीज काही मिळत नाही. नमुन्यासोबत जात, ठिकाण, महिना व भरतीरेषेपासूनचे स्थान यांची नोंद आणि दाबून वाळवलेला एक नमुना महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात ठेवावा, म्हणजे दहा वर्षांनी आकडे न जुळल्यास शैवाल बदलले की पद्धत बदलली, याचा छडा लावता येईल.